माझ्यामागे सुनंदा बसली

ज्या सकाळी मी वरवट बकाल सोडलं, त्या सकाळी माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला होता. मलकापूरच्या एसटीत खिडकीशी बसलो, तेव्हा मायनं खालून हात वर करून त्यावर पुन्हा एकदा तेलात कालवलेली हळद लावली. शर्टाच्या बाहीला पिवळे डाग पडले. "शर्टाचं काय घेऊन बसला," ती म्हणाली, "अक्षरं निंगाली पाह्यजेत चांगली." गाडी सुटली. बाबा जागचे हलले नाहीत. सुनंदा, माझी धाकटी बहीण, स्वतःचा सुजलेला हात दुसऱ्या हातानं धरून उभी होती.

त्या दोन सुजलेल्या हातांबद्दल मला लिहायचं आहे. त्या वर्षी आमच्याकडच्या जत्रेत ज्यांनी ज्यांनी गोंदणाऱ्यापुढे हात धरला, मग ते गावात राहिले असोत की माझ्यासारखे बाहेर गेले असोत, त्यांनी हे वाचावं. सुनंदाला विचारूनच लिहितो आहे. तिनं एकच अट घातली, सासरच्या गावाचं नाव नको.

तेव्हा बीटीचं बियाणं गावात येऊन तीनेक हंगाम झाले होते. पहिल्या हंगामात झाडाला लागलेली बोंडं बाबा ओळीत चालत मोजायचे आणि मला सांगायचे. मोजायची सवय मला त्यांच्याकडूनच आली. पुढच्या दोन हंगामांत पाऊस मधेच दडी मारून बसला, पानं लाल पडली, बोंडं पोसलीच नाहीत. आमची चार एकर कोरडवाहू. बाबा एवढंच म्हणाले, "हे वावर दोघा बापलेकांचं पोट नाही भरत." मी चोवीस वर्षांचा होतो. चाकणला एका कारखान्यात ओळखीनं काम ठरलं.

बाबांना पिकाची भीती होती, मायला माझी. शेजारच्या आळीतला एक जण सुरतेला गेला होता. तो तिकडे रेल्वेखाली गेला, खिशात काही सापडलं नाही, म्हणून बेवारस म्हणून जाळला. घरी कळलं दीड महिन्यानं. तेव्हापासून आमच्या भागातल्या बऱ्याच आयांनी एक चाल धरली होती. बाहेर जाणाऱ्याच्या हातावर नाव, गाव, तालुका गोंदवून घ्यायचा. माय म्हणाली, "कागद हरपते, हात नाही हरपत."

निघायच्या आदल्या दिवशी जत्रेत आम्ही चौघं गेलो. माय, सुनंदा, मी आणि माझा मित्र सलीम, ज्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. गोंदणाऱ्यापुढे रांग होती. बॅटरीवर चालणारं घरघरणारं यंत्र, एक हिरव्या शाईची बाटली आणि पाण्याची एक वाटी. सलीमला मी म्हटलं, तूही बस. तो म्हणाला, "आमच्यात नाही चालत बे. तू लिहून घे. अन् पिनकोडबी टाकाले सांग, म्हणजे कंटाळलो की तुले पोस्टात टाकतो."

माझ्या हातावर तीन ओळी झाल्या. प्रकाश. वरवट बकाल. संग्रामपूर. एकूण पंधरा अक्षरं. प्रत्येक अक्षर उमटताना मी वाकून पाहत होतो. 'ग्रा'चा रकार नीट नाही म्हणून मी त्याला थांबवून पुन्हा काढायला लावला. सलीम मधेच बोलला, "चाचा, वाटीतलं पाणी तं बदला, लाल झालं." गोंदणारा हसला, मीही हसलो. मी अक्षरं तपासली. सुई पाहिली नाही.

माझ्यामागे सुनंदा बसली. तिला भावाचं नाव हवं होतं. माय तिच्या पाठीशी उभी राहून गोंदणाऱ्याला सांगत होती, "वरतं काढजो बाप्पा, खालतं नवऱ्याच्या नावाले जागा ठेव." माझ्या हातातून काढलेली सुई त्यानं त्याच वाटीत बुडवली आणि सुनंदाच्या हातावर 'प्रकाश' लिहिलं. तीन अक्षरं.

पुढे वर्षभरानं तिचं लग्न झालं. सासरी पहिल्याच आठवड्यात बायका जमल्या आणि हातावरचं नाव वाचून एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या. नवऱ्याचं नाव वेगळं, मग हा प्रकाश कोण? चुलत जावेनं तर सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन वं, ह्याले सोडून कशी आली?" सुनंदा म्हणाली, "त्यानंच लग्नात दोन पोते गहू खर्चून मले इकडं लोटलं." हा किस्सा ती दर दिवाळीला सांगायची आणि माय डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची.

चाकणला माझ्या हाताचं वेगळंच झालं. कारखान्यात मला कुणी प्रकाश म्हणत नसे, 'ॲड्रेस' म्हणत. "ए ॲड्रेस, गेज आण." मी पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवून घेतले आणि मे महिन्यातही बाह्या खाली ठेवल्या. काही वर्षांनी क्वालिटीत गेलो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडायची, हे माझं काम. ते मला जमतं. गावात 'लई चिकित्सक' म्हणून मला हसायचे, इथे त्याच गुणावर मी पर्मनंट झालो. लग्न झालं, मुलगी झाली, टू बीएचके झाला. सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. अकरा वर्षांत मी त्यात एकदाही उतरलो नाही.

मुलीला, ऋतुजाला, गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली आणि तिनं टॅटू काढायचं ठरवलं. मनगटावर पक्ष्याचं एक छोटं पीस. बायको नाही म्हणाली. मी म्हटलं, मी सोबत जाऊन जागा पाहतो, मग ठरवू. स्टुडिओ काचेचा, थंडगार. तिथल्या पोरानं आधी एक फॉर्म दिला. ऋतुजा सही करत होती, तो मी तिच्या हातातून घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. आजारांची यादी होती. हिपॅटायटिस बी हा शब्द दोनदा आला होता. त्यानं हातमोजे चढवले, आमच्यासमोर पाकीट फाडून सुई काढली. माझी बाही वर सरकली होती. तो म्हणाला, "काका, तुमचं जत्रेतलं दिसतंय. तेव्हा सगळ्यांना एकच सुई असायची ना?"

तो सहज बोलला. ऋतुजाचं पीस दहा मिनिटांत झालं. घरी येताना ती आनंदात बोलत होती आणि मी रस्ताभर त्या वाटीतलं पाणी पाहत होतो.

कंपनीत दर वर्षी तपासणी होते. सगळे रिपोर्ट माझ्याकडे वर्षाप्रमाणे लावलेले आहेत. घरी आल्यावर सगळी फाईल चाळली. डोळे, कान, साखर, छातीचा फोटो. हिपॅटायटिस बीची तपासणी कुठेच नव्हती. चौथ्या दिवशी मी स्वतः जाऊन रक्त दिलं. पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. काविळीचा हा प्रकार रक्तात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, माझं यकृत सध्या ठीक आहे, गोळ्या लागत नाहीत, पण दर सहा महिन्यांनी तपासायचं. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही. ब्लेड, दाढीचं सामान वेगळं ठेवायचं. बायकोला लगेच तपासा. मुलीच्या लहानपणीच्या लसीचं कार्ड माझ्या फाईलमध्ये होतं, तिन्ही टोचण्यांच्या तारखांसह. दोघींचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. त्या संध्याकाळी बायको देवापुढे बसून राहिली. मी तिच्या मागे उभा होतो आणि मला सुनंदाचा हात दिसत होता.

डॉक्टरांना मी विचारलं, हे त्या सुईनंच झालं का? त्या म्हणाल्या, आता नाही सांगता येणार. सुईनं झालं असेल, न्हाव्याच्या वस्तऱ्यानं, गावातल्या डॉक्टरच्या उकळलेल्या सिरिंजनं, किंवा जन्मतःच आईकडून. "भावंडं असतील तर त्यांना तपासायला सांगा."

सांगायचं कसं? सुनंदाच्या घरी सासू आहे, जाऊ आहे, चार चुली एका अंगणात. एकदा का 'रक्तात रोग' हे शब्द तिथे गेले की डॉक्टर काहीही म्हणोत, तिचं ताट वेगळं होणार. पोरगी पंधरा वर्षांची, उद्या तिच्या सोयरिकीत हे निघणार. न सांगावं तर तिचं यकृत आतल्या आत. अकरा दिवस मी फोन हातात घेत होतो. तिला लावायचो, "काय चाललं?" विचारायचो, कापसावर बोंडअळी किती ते ऐकायचो आणि ठेवून द्यायचो. मला आधी क्रम पक्का करायचा होता. सलीमला फोन केला. जत्रेत रांगेत कोण कुठे होतं, आठवतं का? तो म्हणाला, "तुयाआधी हिरव्या लुगड्याची एक बाई, मंग तू, मंग सुनी. काऊन विचारून राह्यला बे, एकवीस वर्षांनं?" मी म्हटलं, असंच. तो म्हणाला, "तब्येतीले जप."

शेवटी मी तिच्या गावी गेलो. वेचणीचे दिवस होते. सुनंदा वावरात होती, कमरेला झोळी बांधून कापूस वेचत होती. बाकीच्या बायका चार-पाच ओळी पलीकडे होत्या. मला बांधावर पाहिलं आणि ती म्हणाली, "दादा, असा मधातच तू येत नसतो. कोण गेलं?"

"कोणी नाही." मी तिच्या ओळीत शिरलो आणि सगळं सांगितलं. वाटी, सुई, फॉर्म, रिपोर्ट. मी कंपनीत चुकांचा अहवाल देतो तसा, एकामागून एक. ती वेचत राहिली. एका बोंडातला कापूस किडका निघाला तो तिनं बाजूला टाकला.

"मले माहीत हाये," ती म्हणाली.

"काय माहीत हाये?"

"मलेबी हाये ना ते. पोरगी झाली तवाच दवाखान्यात समजलं. तिले त्याच दिवशी सुई देली, ती चांगली हाये. हे अन् मी, दोघालेच माहीत. घरी नाही सांगतलं."

पंधरा वर्षं. पंधरा दिवाळ्या, तितक्याच राख्या. "मले काऊन नाही सांगतलं?" मी तिच्या बोलीत ओरडलो. पलीकडच्या बायकांनी माना वर केल्या.

"हळू. मायले कळलं असतं तं? तिनंच बसवलं होतं ना मले. तिनं धसका घेतला असता." मग पुढचं बोंड वेचत म्हणाली, "अन् तुमच्या कंपनीत दर वर्षी तपासतेत, तूच सांगे. तू काई बोलला नाही, मले वाटलं तुले नसन. माया जिवाले बरं वाटे."

म्हणजे ती मला सुरक्षित समजत होती आणि मी तिला. माय जाऊन चार वर्षं झाली, तरीही ती बोलली नव्हती. मी विचारलं, तपासण्या? तिनं मान हलवली. पंधरा वर्षांत एकदाही नाही. शहरात जायचं तर सासूला कारण सांगावं लागलं असतं.

मी म्हटलं, "सुनी, ते माझ्या रक्तातून तुझ्यात आलं असन."

तिनं हातातला कापूस झोळीत कोंबला. "नंबर नको लावू दादा. माय माया मांग उभी होती. मंग तिलेबी धरशीन का?"

त्याच आठवड्यात मी तिला मलकापूरला नेलं. यकृताचा तिचा आकडा माझ्या अडीचपट निघाला. सोनोग्राफी झाली, दुसरी एक रक्ताची तपासणी मुंबईला गेली, मग गोळ्या सुरू झाल्या. रोज एक, न चुकता. घरी ती रक्तवाढीच्या म्हणून सांगते. चुकली तर काय होईल, या विचारानं मी रोज सकाळी तिला फोन करतो. ती उचलते आणि हॅलोच्या आधी "घेतली" म्हणते.

वरवटचं घर कुलपात आहे, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं आहे. बाबा आधीच गेले होते, माय गेल्यावर तिकडे जायला मला कारण उरलं नव्हतं. आता वर्षातून दोनदा रजा टाकतो. मलकापूरच्या लॅबमध्ये नऊ वाजता रक्त देतो आणि रिपोर्ट चारला मिळतो. सुनंदा घरी सांगून येते, "दादा मलकापूरवरून जाऊन राह्यला, भेटून येतो." मधले सात तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसतो. ती डब्यात भाकरी आणि ठेचा आणते. चाकणचा फ्लॅट माझ्या नावावर आहे, तिथली माणसं माझी आहेत, पण घरी आहोत असं जे आतून वाटतं, ते मला या बाकावर वाटतं. रिपोर्ट यायचा असतो, तरीही.

गेल्या खेपेस तिचा आकडा बराच उतरला होता, माझा किंचित वर गेला होता. मी दोन्ही कागद शेजारी धरून पाहत बसलो. तिनं ते ओढून घेतले, घडी घातली आणि म्हणाली, "पुढच्या टायमाले एक दिवस आधी ये. घरी. जेवाले."

मी म्हटलं, "सासूला काय सांगशील?"

"काय सांगाचं? माया भाऊ आला."