लाखोळीच्या बांधीत डिस्क गोल्फ

प्रकाश वारला. फोन कॅनडाहून आला, तो मी घेतला. सकाळचे आठ वाजले होते आणि मी दाढी करत होतो.

प्रकाश माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन आता तीन वर्षे होत आली. लोक सांगतात की दिवस गेले की गेलेल्या माणसाचे चांगलेच तेवढे आठवते. मी वाट पाहतो आहे. मला अजून २००९ चा जानेवारीच आठवतो, आणि तो आठवला की हातातले पुस्तक मिटून ठेवावे लागते (मी ग्रंथपाल आहे; माझ्या हातून असे सहसा होत नाही).

त्या जानेवारीत तो तीन आठवड्यांसाठी गोंदियाला आला. बॅगेत चार शर्ट होते आणि अकरा तबकड्या. मी आधी समजलो, जेवणाच्या प्लेटा आहेत. आईही तेच समजली आणि तिने त्या धुऊन पालथ्या घातल्या.

"दादा, हे डिस्क गोल्फ," तो म्हणाला. "तबकडी फेकायची, जिथं पडली तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची."

"मग पहिल्यांदाच टोपलीजवळ जाऊन का नाही टाकत?"

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. हे शिक्षण मला त्याच्याकडून लहानपणापासून मिळत आले आहे.

तिकडे हिवाळ्यात म्हणे कमरेएवढा बर्फ साचतो. मग हे खेळणारे लोक गाड्या काढतात आणि ऊन सापडेपर्यंत दोन-दोन दिवस दक्षिणेकडे जातात. "मी जरा जास्तच दक्षिणेला आलो," तो म्हणाला आणि हसला. स्वयंपाकघरात आई त्याच्यासाठी तिळाचे लाडू वळत होती. पोरगा आपल्यासाठी आला आहे, अशी तिची समजूत होती.

तिची आणखीही एक समजूत होती, आणि सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. प्रकाश पाच वर्षांसाठी गेला आहे आणि पाच वर्षे संपत आली आहेत, म्हणजे तो आता परत येणार. म्हणून तिने गोंदियालगतच्या आमच्या मुर्रीच्या घरावर माडी चढवायचे ठरवले. संक्रांत झाली की मिस्त्री येणार होता. खाली तिने कमोड आधीच बसवून घेतला होता. (त्यावर आम्ही दोन वर्षे लोणच्याची बरणी ठेवत होतो.)

आल्यानंतर तिसऱ्या दिवशी प्रकाशने मला गच्चीवर नेले.

"दादा, मी तिकडचं नागरिकत्व घेतलं. आता परत नाही येत. आईला तू सांग."

"मी कायले सांगू?"

"तुला नीट शब्द सापडतात."

आयुष्यभर पुस्तके वाचली, त्याचे हे फळ. मी साफ नाही म्हणालो. तुझे तू सांग, आणि मिस्त्री यायच्या आत सांग. बरीच घासाघीस झाल्यावर त्याने तोडगा काढला. मुर्रीत धुके होते, बोटे आखडत होती, तबकडी धरता येत नव्हती. नवेगावबांधच्या तलावाकाठी मोकळे रान असते, ऊन असते. तिकडे आईला घेऊन जाऊ. "मोकळ्या हवेत सांगतो."

मी मान्य केले. मान्य करणे हा माझा स्वभाव आहे आणि त्याबद्दल माझा स्वतःवर वेगळा राग आहे.

शेजाऱ्यांची व्हॅन घेतली. प्रकाशने हट्टाने स्वतः चालवली. तिकडच्या सवयीने प्रत्येक वळणावर तो सिग्नलऐवजी वायपर लावायचा. कोरड्या ठणठणीत हिवाळ्यात काच पुसत आम्ही गोरेगाव ओलांडले. मी मफलर, स्वेटर आणि शाल अशा थाटात. तो अर्ध्या चड्डीत. आई मागून म्हणाली, "बाबू, पाय झाक. लोक पाहून रायले."

कोहमाऱ्याला चहाला थांबलो. मी त्याला कोपराने ढोसले. "आता सांग."

"चहा तर पिऊ दे."

चहा झाला. मी पुन्हा ढोसले.

"गाडी चालवताना असं काही बोलू नये, दादा. अपघात होतात."

नवेगावला पोचलो तेव्हा ऊन खरेच छान पडले होते, आणि त्याचाही मला राग आला. आईचे बांबूचे टोपले प्रकाशने एका खुंटावर बांधले. आई व्हॅनच्या दारात पाय सोडून बसली. मी एक पुस्तक आणले होते. ते उघडले आणि दर दोन ओळींनंतर भावाकडे पाहू लागलो. तो आईकडे जायचा, लाडू उचलायचा, परत यायचा. असे त्याने सहा लाडू संपवले. बातमी सांगितली नाही.

मग तलावावरून वारा सुटला. त्याची तबकडी उचलली गेली आणि शेजारच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांधांनी आखलेल्या शेताच्या तुकड्यात, जाऊन पडली. धान कापून झाले होते, नुसती धसकटे उभी होती. नियम नियम असतो. जिथे पडली तिथूनच फेकायची. प्रकाश बांधीत शिरला. तिथून फेकली ती पुढच्या बांधीत. मी त्याच्या मागे, हातात पुस्तक घेऊन, "आता सांगतोस की नाही," असे म्हणत. तो पुढे, मी मागे, असे आम्ही तीन बांध्या तुडवल्या.

"ओ भाऊ! आंधरे आहात का गा दोघं?"

दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर हातात विळा घेतलेली एक बाई उभी होती.

"काय झालं, बाई?" मी म्हणालो.

"काय झालं म्हनते! खाली पाह्य, खाली!"

मी खाली पाहिले. धसकटांमध्ये बोटभर हिरवी, कोवळी रोपे होती. जिथे मी उभा होतो तिथे नव्हती. धान उभे असतानाच चिखलात लाखोळी (लाखेची डाळ) पेरतात, आणि धान कापले की ती वर येते. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही हे कळते. आमच्या वडिलांनी जन्मभर हेच केले. आणि त्यांची दोन शिकलेली मुले लाखोळीत उभी होती, एक खेळत आणि एक वाचत.

गलका ऐकून आई आली. अर्थात धुऱ्यावरून आली.

"बाई, माफ करा," ती त्या बाईला म्हणाली. "हा पोरगा इतके दिवस बाहेरच्या देशात होता, विसरला. आता येऊनच रायला कायमचा. शिकवीन मी त्याले सारं."

"अन् हा दुसरा?" बाईने विळा माझ्याकडे केला.

"तो इथंच असते," आई म्हणाली. "तो असाच आहे."

प्रकाशने मान डोलावली. आईच्या दोन्ही वाक्यांना! मी जन्मात कोणावर ओरडलो नाही. माझ्या नोकरीत तर ओरडणाऱ्यांना गप्प करावे लागते. पण ती डोलणारी मान पाहिली आणि माझ्या तोंडून निघून गेले, "तो येत नाही, आई! कधीच येत नाही. तिकडचा झाला तो. मिस्त्रीला नाही म्हणून सांग!"

नीट शब्द मला सापडतात, ते असे.

आई धुऱ्यावर खाली बसली. बाईने विळा पदराआड घेतला. प्रकाश माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "थँक्यू, दादा."

थँक्यू! मला काहीतरी फोडायचे होते. हाताशी पुस्तक होते आणि त्याची तबकडी होती. पुस्तक मी फेकू शकत नाही. तबकडी घेतली आणि डोळे मिटून तलावाच्या दिशेने भिरकावली. ती वाऱ्यावर चढली, तीन बांध्या ओलांडून गेली, झुकली आणि नेमकी टोपल्यात जाऊन पडली.

"अरे वा!" प्रकाशने टाळ्या वाजवल्या. सवयीने असेल. "दादा, एका फेकीत!"

आईने वर पाहिले. तिला दिसला टाळ्या वाजवणारा धाकटा आणि हात तसाच हवेत राहिलेला थोरला.

"भाऊ येत नाई म्हनून सांगतेस," ती मला म्हणाली, "अन् वरून खेळून रायलास?"

"आई, मी खेळत नव्हतो."

"मग टोपल्यात कशी गेली?"

मी हात खाली घेतला.

त्या बाईने जाताना आईच्या ओटीत लाखोळीचे शेंडे टाकले, भाजीसाठी. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. परतीच्या वाटेवर आई पुढे प्रकाशजवळ बसली. त्याच्या मांडीवर तिने स्वतःची शाल टाकली आणि कोहमाऱ्यापर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी मागे टोपले सांभाळत होतो. मिस्त्रीला नाही म्हणायलाही मलाच जावे लागले.

प्रकाश आठवड्याने गेला. नंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि आई त्याच्याशी हसून बोलायची. पुढच्या हिवाळ्यात येतो, म्हणायचा. चार हिवाळे म्हणाला.

आता मुर्रीच्या घरात आई आहे आणि मी आहे. दोघांचाही राग त्याच्यावर आहे. तो हाताशी नाही, म्हणून आम्ही एकमेकांवर भागवतो.