शिट्टीनंतरचा अंगठा

पोहण्याच्या उन्हाळी शिबिरात शर्यतीत आपापल्या मुलाची वेळ आयाच बटणाच्या घड्याळावर, स्टॉपवॉचवर मोजतात. आज नातीला घेऊन गेले होते. शिट्टी झाली, पोरं पाण्यात पडली, तरी शेजारच्या आईचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला.

"अंगठ्याला डुलकी लागली का गं?" मी विचारलं.

ती ओशाळून हसली. "एवढ्याशानं काय होतंय, काकू?"

तरुणपणी मीही हेच म्हणाले होते, मी म्हणजे अकलेचा कांदा! माझ्या उशिरा दाबलेल्या घड्याळानं लेकीला पहिलं बक्षीस मिळालं. घरी येताना ती म्हणाली, "आई, ती दुसरी मुलगी आधी पोचली होती ना?" मी ठणकावलं, "घड्याळ खोटं बोलत नाही." त्यानंतर लेक पाण्यात उतरलीच नाही.

हे त्या आईला सांगायला मी तोंड उघडलं. तिचा मुलगा अजून काठापासून दोन हात लांब होता, आणि तिनं घड्याळ थांबवलंसुद्धा होतं.