वरणावर सावली

इलेक्शन आलं की आमच्या दुकानात किस्से आपोआप साठायचे. सांगायला बसलो की आजही चहा गार होतो! काचीगुड्यात अनंतकाकांचं सोलर कुकरचं दुकान, आणि मी तिथला एकुलता एक सेल्समन. उदारीकरणाचे ते दिवस. शेजारी परदेशी टीव्ही धडाधड खपत होते, आम्ही माश्या मारत होतो. दुकान बंद पडायला आलं होतं. त्यात जो तो पुढारी स्वस्त विजेचं आश्वासन देत सुटलेला. काकांनी हट्टच धरला, "जो भाषणात सोलरचं नाव घेईल, त्यालाच आपलं मत!"

*

पहिले उमेदवार आले. काकांनी विचारलं, "उन्हावर स्वैपाक होतो, सरकार काही मदत करेल का?"

साहेब चाट पडले. "वो सब ठीक है काका, लेकिन मीटर किधर लगाते?"

*

दुसरे फारच उत्साही. "हमारी सरकार आने दो, घर-घर में धूप पहुंचाते देखो!"

काकांनी हात जोडले, "मई में नक्को जी!"

*

काकांचं घर दुकानाच्या वरच, त्यांचा रोजचा स्वैपाक गच्चीवरच्या कुकरमध्येच. कुकरचं तोंड अधूनमधून उन्हाकडे फिरवावं लागतं. काकू जामबागच्या शाळेत शिकवायच्या. मधल्या सुट्टीत तिथून फोन यायचा, "अहो, तोंड फिरवलंत का?" की काका गिऱ्हाईक सोडून गच्चीवर!

एका बाईंनी मला हळूच विचारलं, "कुकरबरोबर हा माणूसही मिळतो का हो?"

*

तिसरे मात्र म्हणाले, "शिजवून दाखवा, संध्याकाळच्या सभेत बोलतो." काकांना आभाळ ठेंगणं झालं! दुकान तरणार म्हणून मीही खूश.

रविवार होता. काकूंनी गच्चीवर कुकरमध्ये वरणाची डाळ लावली. एवढ्यात साहेब आलेच. बरोबर कार्यकर्ते, झेंडे, आणि साहेबांच्या डोक्यावर धरलेली मोठी छत्री. पेपरचा फोटोग्राफर येईपर्यंत चांगले दोन तास सगळे कुकरभोवती कोंडाळं करून वाकून बघत राहिले. "अंदर बल्ब है क्या?" काकांनी भिडेपोटी नुसती मान हलवली. घरी आलेल्या पाहुण्यांना सरका कसं म्हणणार?

फोटोग्राफर आला, काकांनी झाकण उघडलं. डाळ टणक! काकांचा चेहरा एवढासा झाला. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

साहेब हसले. "देखा काका? सूरज का कुछ भरोसा नहीं."

काकू पदर खोचून पुढे झाल्या.

"सूरज तो टाइम पे आया था जी. बीच में आप लोगां खड़े हो गए!"