देवळेबाई आणि चौकातला दिवा

देवळेबाई शाळेत सायकलवरून येत. पदर कमरेला घट्ट खोचलेला, हँडलला डब्याची पिशवी आणि शेजारी नवऱ्याची सायकल. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या त्या वर्षांत नगरमध्ये साडीतली बाई सायकलवर दिसली की लोक वळून बघायचे. बाई कुणाकडे बघत नसत. मूळच्या त्या नेवाशाच्या, भिक्षुकी घरातल्या. त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. फळ्याशी अडलेल्या मुलीला म्हणायच्या, "उत्तर चुकू दे गं, रीत दाखव."

त्याच सुमारास शाळेजवळच्या चौकात लाल-हिरवे दिवे लागले. रस्त्याच्या कडेला चुना फासलेले दगड मांडून सायकलींसाठी वेगळी पट्टी केली गेली. दिवे मोटारींसाठी, एवढं सगळ्यांना समजलं. पट्टीतल्या सायकलीनं लाल दिव्याला थांबायचं की नाही, हे कुणालाच समजलं नाही. बाईंनी सायकल उभी करून सकाळच्या हवालदाराला सरळ विचारलं.

"पट्टीवाल्यांना दिवा न्हाई, बाई. तुमी जावा," तो म्हणाला.

संध्याकाळचा हवालदार मात्र शिट्टी मारून सायकली अडवायचा. बाईंनी त्यालाही विचारलं. सकाळच्याला काय कळतंय, एवढंच तो बोलला.

देवळे मास्तर मुलांच्या शाळेत इतिहास शिकवायचे. ते लाल दिव्याला थांबत. बाई थांबत नसत. पलीकडे जाऊन, एक पाय जमिनीला टेकवून त्यांची वाट बघत. त्यावरून आम्ही बाईंना चिडवायचो. त्या हसून म्हणायच्या, "यांनी लग्नाला होकार द्यायलासुद्धा असाच वेळ लावला होता."

उसाचा हंगाम होता. त्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि बाईंना उशीर झाला होता. दिवा लाल होता. त्या नेहमीसारख्या पुढे गेल्या, मास्तर थांबले. पलीकडून बाईंनी हाक मारली, "अहो, या ना. आपल्याला नाहीये तो दिवा."

मास्तर निघाले. बाजूच्या रस्त्यानं उसाचा ट्रक आला. त्याला हिरवा दिवा होता.

मी मागून चालत येत होते. ट्रक दिसला, मास्तर दिसले. आवाज मला आठवत नाही. रस्त्यावर ऊस सांडला होता आणि बाई पलीकडे तशाच उभ्या होत्या, एक पाय टेकवून.

चौकशी झाली. सकाळच्या हवालदारानं आपण सांगितल्याचं कबूल केलं; त्यालाही कुणीतरी तोंडीच सांगितलं होतं. पोलिसांच्या साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले की पट्टीचा असा काही नियमच ठरलेला नव्हता, तेव्हा बाईंकडे दोष येत नाही. पुढच्या आठवड्यात दगड उचलून नेले.

तेराव्यानंतर बाई शाळेत आल्या, चालत. पहिल्यासारखंच शिकवलं. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि सगळा खाल्ला. आम्ही त्यांच्या रडण्याची वाट बघत होतो, असं आता वाटतं. त्यांनी मला विचारलं ते एवढंच, की घंटा झाली का. महिनेच्या महिने असेच गेले. कुणी ना कुणी त्यांना सांगत राही की तुमची चूक नव्हती. त्या मान हलवत.

वर्षअखेरीला त्यांनी सोनईची बदली मागून घेतली. मी स्टँडवर पोचवायला गेले. बस लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभी. काहीतरी बोलायचं म्हणून मीही तेच म्हणाले, की तुमची चूक नव्हती.

"हो, साहेबही तेच म्हणाले," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातल्यासारखाच होता. "नियमच नव्हता म्हणे. नियम असता तर निदान मी चुकले तरी असते."

कंडक्टरनं घंटी मारली. सोनईला पाण्याचे हाल आहेत असं ऐकलंय, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि बस सुटली.

मी शाळेत परत आले. पाचवा तास माझा होता.