लोडरचं तेल

रामाकोन्याजवळच्या गिट्टी क्रशरवर मी लागले, तेव्हा माझं काम काय ते लोकांना सांगताना माझीच दमछाक व्हायची. मशीनमधून थोडं तेल काढायचं, बाटलीत भरायचं आणि नागपूरच्या लॅबला पाठवायचं. त्यात लोखंड किती उतरलं, धूळ किती शिरली हे लॅब सांगते, मग मशीन आतून झिजतंय का ते न उघडता कळतं. आई सौसरच्या आमच्या गल्लीत सांगायची, "पोरगी मशीनचं रक्त तपासून राहिली." क्रशरवरची माणसं मात्र 'तेलवाली बाई' म्हणून हसायची. हसू दिलं.

तिथला लोडर मोहगावचे एक काका चालवायचे. त्यांनी इंजिन बंद केलं की गरम असतानाच मी डिपस्टिकच्या जागी नवी नळी घालून हातपंपानं तेल ओढायची. नळी तळाला टेकू द्यायची नाही, नाहीतर खालचा गाळ येतो. एका खेपेला रिपोर्ट आला तो वाईट होता. तेलात दगडाची धूळ होती आणि लोखंडही बरंच वाढलं होतं. मी मालकाला म्हटलं, लोडर थांबवा.

मालकाला तो लोडर धरणाच्या कामावर भाड्यानं द्यायचा होता, आणि तिकडच्या पार्टीनं तेलाचा रिपोर्ट मागितला होता.

"तुया नळीतच माती असन," मालक म्हणाला. "ड्रममधलं नवं तेल बाटलीत भर अन् पाठव."

"ते लोडरचं तेल नाही."

"मले समजते ते. तू भर."

"बाटलीवर नाव माझं राह्यते. मी नाही भरत."

"मंग उद्यापासून येऊ नको."

घरी आले ती धुमसतच. आई म्हणाली, "दुसरी नोकरी पाह्यजो." मी म्हटलं, आधी ही तर सुटू दे.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला स्कूटी क्रशरवर लावली. काका लोडरपाशी उभे होते. मी त्यांना रिपोर्टचं सगळं सांगितलं.

"भरल्या बकेटनं चढावर असताना इंजिन जाम झालं तं?" त्यांनी विचारलं.

"स्टिअरिंग एकदम जड होईल, काका. वळवता येणार नाही."

चढाच्या एका बाजूला खदानीचा खड्डा आहे. काका तिकडे बघत राहिले. तेवढ्यात मालक आला.

"तुले काल काय सांगतलं होतं?"

"ऐकलं मी. फिल्टरमधून इंजिनात जाणारा हवेचा पाइप उघडून पाहा. आतून साफ निघाला तं मी आपणहून जाते."

मालकानं हात हलवून परवानगी दिली, बहुतेक मला हाकलण्याच्या घाईनं. काकांनी क्लॅम्प सैल करून पाइप ओढला. खालच्या बाजूनं, जिथं कोणाची नजर जात नाही, तिथं तो चिरला होता. काकांनी आत बोट फिरवलं, ते पांढरंफटक होऊन बाहेर आलं. फिल्टरनंतरच्या पाइपात धुळीचा कणही नको असतो.

मालकानं चिरलेला पाइप हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "पाइप बदला, तेल बदला अन् गाडी रवाना करा."

"आत जे घासलं ते तेल बदलून भरून येत नाही," मी म्हटलं.

काकांनी खिशातून चावी काढून मालकाच्या हातावर ठेवली. "दुसरा ड्रायव्हर पाहा."

तिथल्या डंपरवाल्यांपैकी एकानंही ती चावी घेतली नाही. शेवटी इंजिन उघडावंच लागलं. ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या लायनरवर उभे ओरखडे पडले होते, बोटाला लागतील असे. पार्टीनं लोडर दुसरीकडून नेला. काका राहिले, मला मात्र महिना भरताच काढलं. रडू आलं नाही. राग आला, आणि तो बरेच दिवस पुरला.

त्याच रागात मी तेल ओढायचा स्वतःचा हातपंप घेतला. आता सौसर-पांढुर्ण्याकडच्या खदानींवर बोलावतील तिथं जाते. काही मालक गेटवरूनच परत पाठवतात. म्हणतात, ती बाई मशीन बंद पाडते.

पाडते. पुढंही पाडीन.