नुसताच उजेड

१९ मे. सकाळी अकरा वाजता स्टुडिओतल्या थर्मामीटरवर एकोणचाळीस. वारा बंद. आभाळ निळं नाही, पांढरट. अशा उजेडात बाहेर फोटो काढला तर माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात.

फ्लॅशचे किस्से साठतात कसे ते आधी सांगतो. मी प्रत्येक लग्नाची वही ठेवतो. डाव्या पानावर कामाचं: छत किती उंच, रंग कोणता, फ्लॅश किती ताकदीवर, सेल कोणते. उजव्या पानावर त्या दिवशी कशाचा राग आला ते. तोंडानं भांडणं मला जमत नाही, म्हणून लिहितो. लगीनसराई संपते तेव्हा डावी पानं निम्मी कोरी असतात. उजव्या पानांना मात्र पुरवण्या जोडाव्या लागतात!

आज ही वही काढायचं कारण, कमलबाई.

कमलबाई कुंभार पिंपळगावच्या, साठी ओलांडलेल्या. एसटीनं एकट्या आल्या. फेब्रुवारीत त्यांच्या भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न आम्ही केलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार गजानन. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला आमचा दोघांचा स्टुडिओ आहे.

कमलबाईंनी पूर्वी भावाची थोरली मुलगी आपल्या मुलासाठी मागितली होती. भावानं दिली नाही. तेव्हापासून अकरा वर्षं बहीणभावाचं बोलणं बंद. फेब्रुवारीतल्या लग्नात भाऊ स्वतः खाली उतरून आला आणि हाताला धरून बहिणीला स्टेजवर घेऊन गेला. दोघं शेजारी उभे राहिले. एप्रिलमध्ये भाऊ गेला.

"अल्बम दोनदा पाह्यला, दादा," कमलबाई म्हणाल्या. "त्यात आमचा फोटो न्हाई. पण काढला व्हता. म्या सोता उजेड पाह्यला. डोळे बी मिटले न्हाईत."

मी त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. स्टेजवर त्या दिवशी गजानन होता. आज तो राजूरला गणपतीच्या देवळात एका जावळाचे फोटो काढायला गेला होता. फोन केला तर म्हणाला, तासाभरात येतो.

फेब्रुवारीच्या पानावर काय लिहिलंय ते मला माहीत होतं. तरी मी वही पहिल्यापासून चाळायला घेतली. माणूस नको तिथे पोचायचं असलं की लांबून जातो.

* * *

फ्लॅश थेट तोंडावर मारला की चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो आणि मागे भिंतीवर काळी सावली पडते. म्हणून फ्लॅशचं डोकं छताकडे वळवायचं. उजेड छतावर आपटतो आणि मऊ होऊन खाली येतो. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन वर्षं घरच्या भिंतींवर उजेड मारून मारून शिकलो.

एका लग्नात नवरदेवाच्या मामांना हे पटेना.

"ओ फोटोग्राफर! वर काय मारून राह्यले? नवरदेव खाली हाय!"

मी समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी मामा स्टेजवर चढले, फ्लॅशचं डोकं मुठीत धरलं आणि खाली वाकवलं. कट्‌ असा आवाज आला. त्यानंतर ते डोकं कुठल्याच कोनात थांबेना. उरलेलं लग्न मी त्याला रबर बांधून काढलं आणि सगळे चेहरे पिठाचे आले.

अल्बम न्यायला मामाच आले. त्यांनी पानं उलटली, मामा वर चढण्याआधीचे, छतावरून उजेड घेतलेले फोटो पाहिले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "पाह्य! म्या डोकं खाली केलं म्हणून कसे झकास आले!"

* * *

राजूरकडच्या एका मांडवाचं छत जांभळं होतं. जांभळ्या सॅटिनवरून उजेड घेतला की तो जांभळाच खाली येतो. पहिल्या फोटोत नवरदेव दोन दिवस विहिरीत पडल्यासारखा दिसला.

मुलीच्या वडिलांना म्हटलं, स्टेजच्या वर छताला बांधायला एक मोठं पांढरं कापड मिळेल का? माणूस मोठा उत्साही. "अरे, फोटोवाल्यांना जल्दी पांढरं काहीतरी आणून द्या रे!" पाच मिनिटांत स्वच्छ चादर आली, चौघांनी ताणून बांधली. फोटो फार सुंदर आले.

जेवणाच्या वेळी पाहतो तर सात म्हातारे भिंतीला लागून उभे, हाताची घडी घालून. वराकडच्या मानाच्या बैठकीतले. चादर त्यांना उठवून आणली होती!

"आमच्या बुडाखालची चादर नवरदेवाच्या डोक्यावर बांधली," त्यातले सगळ्यात थोरले म्हणाले. "कोणाच्या सांगण्यावरून?"

सगळ्या मांडवानं माझ्याकडे बोट दाखवलं. मुलीच्या वडिलांनीसुद्धा!

* * *

सेलचा किस्सा लिहिताना आजही पेन जोरात टेकतं.

माझ्या फ्लॅशला चार सेल लागतात. चारही सारख्या वयाचे, एकत्र चार्ज केलेले असावे लागतात, म्हणून मी मार्करनं प्रत्येकावर संच आणि नंबर लिहितो. त्या दिवशी 'ब' संच नवा कोरा ठेवला होता, खास मंगलाष्टकांसाठी. अंतरपाट खाली यायची वेळ झाली, फ्लॅश उघडला, डबी उघडली. ब-१, ब-२, ब-४. ब-३ नाही! जुना संच तोवर संपलेला. अक्षता पडल्या, हार पडले, माझ्या कॅमेऱ्यात अंधार पडला.

नंतर मान वर केली तर हॉलमधलं घड्याळ चालू झालेलं. सकाळपासून ते साडेनऊवर बंद होतं. नवरीच्या चुलत्यानं मुहूर्त चुकू नये म्हणून माझ्या बॅगेतला सेल काढून त्यात घातला होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी ग्राहकावर ओरडलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही माझा फ्लॅश बंद पाडला!"

चुलते शांत. "एकच तर घेतला. तीन राह्यले की!"

* * *

आता गजाननकडे येतो.

आमच्या भागात फ्लॅश पडला म्हणजे फोटो निघाला, आणि नाही पडला म्हणजे नाही निघाला. कॅमेरा काय करतो याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. एकदा खिडकीजवळ ऊन छान येत होतं म्हणून मी नवरीच्या मावशीचा फोटो फ्लॅशशिवाय काढला. मावशी जागच्या हलेनात.

"उजेड न्हाई पडला."

मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला. मावशींनी पाहिला, आणि म्हणाल्या, "हे ठीक हाय. आता काढा!" मी फ्लॅश लावून परत काढला, तेव्हा कुठे त्या हलल्या. मागून पुटपुटल्या ते ऐकू आलं, "आत्याबाईच्या वक्ताला बराबर पडला, आमच्याच वक्ताला कंजुषी!"

म्हणजे उजेड हा मान आहे. आहेरासारखाच. तो ज्याला त्याला बरोबरीनं मिळाला पाहिजे. गजाननला हे माझ्याआधी कळलं आणि त्यानं त्यातून एक युक्ती काढली.

फ्लॅशच्या पाठीवर एक छोटं बटण असतं, तपासणीचं. ते दाबलं की फ्लॅश पडतो, फोटो निघत नाही. गजानन कॅमेरा डोळ्याला लावतो, "स्माइल" म्हणतो, आणि शटर न दाबता डाव्या अंगठ्यानं ते बटण दाबतो. लोकांना उजेड मिळतो. ते हात जोडतात, खूष होऊन उतरतात.

मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी त्याला मांडवाच्या मागे नेऊन विचारलं, "हे काय करून राह्यला?"

"भाऊ, स्टेजवर पाचशे माणूस चढतंय. प्रत्येकाचा फोटो काढला तर निवडायला कोण बसंल? तुमीच बसता, अन्‌ मंग चष्मा बदलता. म्या तुमचेच डोळे वाचवून राह्यलो!"

"आणि उद्या कुणी फोटो मागायला आलं तर?"

"बिलकुल कोणी येत न्हाई. लोकं अल्बममधी सोताला शोधत न्हाईत, जेवण शोधतात!"

मला हसू आलं. ते हसू मी वहीत लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, कारण त्यानंतर चार वर्षं मी त्याला यावरून पुन्हा काही बोललो नाही.

* * *

वही चाळता चाळता फेब्रुवारीचं पान आलं. डावीकडे छत, ताकद, सेल. उजवीकडे माझ्याच अक्षरात: 'स्टेजवर ग.ने सतरा वेळा खोटा उजेड पाडला. मोजले. बोललो नाही.'

मग मी संगणकावर स्टेजचे सगळे फोटो पाहिले. गजानन एक वाजता आला. कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाचा पेढा. कमलबाईंना पाहून म्हणाला, "असंल की फोटो, मावशी. कुठं जातो? शोधू."

मी म्हटलं, "शोधला. स्टेजचे आठशे बारा फोटो आहेत. यांचा नाही. तू त्यांना सांग."

"मी काय सांगू?"

"काय केलंस ते."

गजानननं माझ्याकडे पाहिलं. भागीदारीच्या अठरा वर्षांत मी त्याच्याशी त्या आवाजात बोललो नव्हतो. मला माझाच आवाज ओळखीचा वाटला नाही. त्यानं पेढा टेबलावर ठेवला.

"मावशी, तुमचा फोटो काढलाच न्हाई."

कमलबाईंनी विचारलं, "मंग उजेड कशाचा व्हता?"

गजानननं टेबलावरचा पेढा बाजूला सरकवला.

"सांग की. मपल्या भावानं उजेड पडंपर्यंत हात सोडला न्हाई. मंग हसला, मंग सोडला. कशाचा व्हता?"

"नुसताच, मावशी," गजानन म्हणाला.

मी ठरवून ठेवलेलं सगळं, चार वर्षांचं, मला तेव्हाच बोलायचं होतं. पण बोलायचा हक्क त्या बाईंचा होता.

मग मला व्हिडिओ आठवला. व्हिडिओ काढणाऱ्या दत्ताची खोली आमच्याच जिन्यावर, वरच्या मजल्यावर आहे. त्याच्याकडून हार्डडिस्क आणली. बहीणभाऊ स्टेजवर आले ते एक तास सतरा मिनिटांनी. पण दत्ताच्या व्हिडिओ लाइटची बॅटरी तेव्हाच संपलेली! मागे झगमगता पडदा आणि पुढे दोन काळ्या आकृत्या. एक उंच, एक ठेंगणी. तोंडं दिसेनात.

मी एक एक फ्रेम पुढे सरकवत गेलो. काळी. काळी. काळी. गजानन माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. आणि मग एकच फ्रेम आली, जिच्यात त्याचा फ्लॅश पडला होता. व्हिडिओचा कॅमेरा चित्र वरून खाली वाचत जातो, फ्लॅश त्याच्या अर्ध्यातच विझतो. वरची अर्धी फ्रेम लख्ख, खालची अर्धी काळीच. मध्ये पट्टीनं आखल्यासारखी रेघ.

वरच्या अर्ध्यात भाऊ होता. फेटा, कपाळ, डोळे, मिशी, हसू. कमलबाई ठेंगण्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर आणि कपाळावरचं कुंकू उजेडात. बाकी चेहरा रेघेच्या खाली.

गजानन पुढे वाकला. "मावशी, जेवणाच्या पंगतीतला तुमचा चेहरा हाय माझ्याकडं. मस्त आलाय. हितं बसवून देतो. कोणाला कळणार बी न्हाई!"

मी खुर्ची मागे ढकलून उठलो. पण कमलबाईंनी माझ्याआधी उत्तर दिलं. त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "मला कळंल की."

फ्रेम जशी होती तशी छापली. आठ बाय दहा, मॅट, एक प्रत. दोन वाजून चाळीस मिनिटांनी प्रिंट बाहेर आला, वाळायला दहा मिनिटं लागली. कमलबाईंनी तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पिशवीत उभा ठेवला. गजानननं त्यांना मोटारसायकलवर स्टँडला सोडलं. सव्वातीनची एसटी मिळाली.