इस्त्रीनं वितळलेला कोपरा

आमचा धाकटा भाऊ बावन्न वर्षांचा आहे. केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी माझ्यासाठी धाकटाच. त्यानं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून दुकान दोघांचं: पुढे काउंटरवर मी, मागे टेबलावर तो. टीव्हीला जोडून खेळायची व्हिडिओ गेमची जुनी मशीनं तो विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो.

लोक विचारतात, ही डबडी घेतं कोण? अहो, चांगले टाय लावलेले साहेब घेतात! नव्या मशीनला आधी इंटरनेट द्या, पासवर्ड द्या, तासभर अपडेट होऊ द्या, मग ते मेहेरबान होऊन तुम्हाला खेळू देणार. जुन्यात डिस्क घातली, बटण दाबलं, झालं. परवा एक टक्कलवाला गृहस्थ काउंटरवर उभ्या उभ्या खेळायला लागला आणि ऑफिसला जायचं विसरला. बायकोचा फोन आला तर म्हणतो, "मीटिंगमध्ये आहे." मी हसून हसून बेजार.

तर या मशीनच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. कोण कुठवर खेळलं, कुठे थांबलं, ते सगळं त्या सेलच्या जिवावर टिकतं. सेल काढला की पाटी कोरी. मशीन चालू ठेवून बदलला तर राहतं, पण ती उठाठेव आम्ही कधी केली नाही. गिऱ्हाइकाला पाटी कोरीच हवी असते. आलेल्या मशीनचा सेल काढायचा आणि नवा टाकायचा, हा आमचा शिरस्ता.

गेल्या वर्षी एका शनिवारी मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या बाई आल्या. त्यांची मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. पहिल्या पगारात तिनं आमच्याकडूनच मशीन नेलं होतं. मला पक्की आठवते. भाव पाडून घेतला आणि वर म्हणाली, "मावशी, एक डिस्क फुकट द्या, नाहीतर इथेच बसते." पोरगी सव्वीसची होती. आठ दिवसांच्या तापात गेली.

बाईंना वर्षभर तिच्या खोलीचं दार उघडवलं नाही. शेवटी नवऱ्यानंच एका दुपारी भंगारवाल्याला बोलावलं आणि खोली रिकामी केली. त्यात मशीनही गेलं. बायको रडते म्हणून! बायकोचं रडणं असं थांबतं होय?

"पोरगी खेळायची आणि मी इस्त्री करता करता सांगायची, इकडे जा, तिकडे जा," बाई म्हणाल्या. "तिनं त्या खेळातल्या माणसाचं नावच आई ठेवलं होतं. इंग्रजीत लिहिलेलं. तेवढं मला वाचता येतं हो. एकदा दिसू दे, बाकी काही नको." खूणही सांगितली. त्यांच्याच इस्त्रीचा चटका बसून झाकणाचा एक कोपरा वितळला होता, अंगठा बसेल एवढा.

धाकटा त्यांना म्हणाला, "मी शोधतो." आणि हा बाबा खरंच लागला की मागे! पाच महिने जुन्या बाजारातला एकही दुकानदार त्यानं सोडला नाही. बाई दर शनिवारी यायच्या, तो मान हलवायचा, त्या जायच्या.

मग एके दिवशी एका दुकानदाराकडून बारा मशीनचं पोतं आलं. झाकणं काढून साबणाच्या पाण्यात भिजत घालणं हे माझं काम. त्या दिवशी माझं घरमालकाशी फोनवर भांडण जुंपलेलं. फोन कानाला, तोंडाचा पट्टा सुरू, हात आपले स्क्रू काढताहेत. बारा झाकणं टबात गेली. मी एकाकडेही धड पाहिलं नाही. बोडकी मशीनं धाकट्यापुढे गेली. सगळी सारखीच. त्यानं एकेक घेतलं, सेल काढला, ब्रश मारला, नवा सेल टाकला.

दुपारी मी झाकणं वाळत घालायला काढली. आठव्या झाकणाच्या कोपऱ्यात माझा अंगठा बरोब्बर बसला.

मी ओरडले. धाकटा धावत आला, झाकण बघितलं आणि खुर्चीत बसला. मग उठून त्यानं एकेक मशीन टीव्हीला जोडलं. पाटी कोरी झाली की मशीन विचारतं तेच प्रत्येकानं पडद्यावर विचारलं: आज तारीख काय? बारा वेळा. काढलेले सेल बशीत पडले होते, त्यांना त्यानं मीटर लावला. एखादा तरी मेलेला निघू दे रे देवा, म्हणजे तोच तिचा, आतलं आधीच पुसलं गेलं होतं, असं म्हणता येईल, असं साकडं मी घालत होते. बाराही जिवंत निघाले.

"सापडलंच नाही म्हणून सांग," मी म्हटलं.

"किती शनिवार सांगू, ताई?"

शनिवारी बाई आल्या. त्यानं वितळलेल्या कोपऱ्याचं झाकण एका मशीनवर बसवून पुढे ठेवलं होतं. "मशीन सापडलं, पण आतलं पुसलं गेलं," तो म्हणाला. "माझ्या हातून झालं." माझ्या हातून, म्हणाला! आणि मी, दिवसभर वचावचा बोलणारी, शेजारी मूग गिळून उभी.

बाईंनी कोपऱ्यात अंगठा ठेवला. मग विचारलं, "तो सेल तसाही संपलाच असेल ना हो?"

धाकट्यानं मान खाली घातली. त्याला खोटं बोलता येत नाही. मला येतं.

"हो हो, केव्हाच," मी म्हटलं. "वर्ष तरी झालं असेल." मला वाटलं, बाईला तेवढंच बरं वाटेल.

"वर्ष," त्या म्हणाल्या. "म्हणजे वेळेवर आले असते तर दिसलं असतं. मीच दार उघडलं नाही. माझ्यामुळेच गेलं."

अहो नाही, मी झाकणं बघितली नाहीत, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. आवाज फुटला नाही. बाईंनी मशीन धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि निघून गेल्या.

आता झाकणं धाकटा स्वतः काढतो. मला हात लावू देत नाही, आणि का ते बोलतही नाही. सेल बदलताना मशीन चालू ठेवतो. आतलं कुणाचं, कशाला राखतो, मी विचारत नाही.

बाई मात्र दर शनिवारी येतात अजून. आमच्या दोघांचे कपडे घेऊन जातात आणि इस्त्री करून आणून देतात. पैसे घेत नाहीत. "तुम्ही माझ्यासाठी एवढं शोधलंत," म्हणतात. सोमवारी सकाळी मी घडी मोडते आणि ते कपडे अंगात घालून काउंटरवर बसते.